'लवकर येतो' असं सांगून गेलेल्याची वाट

शेवटचा_बाक

'प्रभू लवकर येतोय', म्हणजे येशू पुन्हा पृथ्वीवर येणार, हे मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यातले बरेच जण आता दफनभूमीत आहेत. त्यांची वाट पाहणं अर्ध्यावर राहिलं, आणि तेच वाक्य आता आम्ही पुढच्या पोरांना सांगतो.

आधीच स्पष्ट करतो, माझा विश्वास उडालेला नाही. नाहीतर पहिले दहा प्रतिसाद मला सावरण्यातच जायचे. प्रार्थना चालू आहे, प्रभुभोजन घेतो, उपासनेत सगळ्यांबरोबर 'तो पुन्हा येईल' असं म्हणतो. फक्त म्हणताना हल्ली आत काही हलत नाही. संकटाने विश्वास डळमळतो हे ठाऊक होतं. नुसत्या लांबणीने तो असा बोथट होतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुनरागमनावर बोलणारे बहुधा चिन्हं मोजायला लागतात. भूकंप झाला, युद्ध पेटलं, की निघाली वही. नाहीतर मग 'धीर धरा भाऊ' म्हणून पाठीवर थाप. मला विचारायचंय ते वेगळं आहे. इतकी लांबलेली वाट माणसं पाहतात तरी कशी?

गेले काही महिने बायबलच्या नव्या करारात हाच धागा धरून वाचतोय. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की हा प्रश्न आपल्या पिढीचा नाहीच. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलाने पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५०-५१ मध्ये. वधस्तंभाला जेमतेम वीस वर्षं झालेली. तेवढ्यातच तिथल्या मंडळीत माणसं दगावली होती आणि मागे राहिलेले हबकले होते, की आता यांचं काय? प्रभू येईल तेव्हा हे तर नसतील! पौल त्यांना रडू नका असं म्हणत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखं रडू नका, असं म्हणतो. आणि शेवटी सांगतो की या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. एकट्याने बसून धीर धरण्याची कल्पना त्या पत्रात कुठेच नाही.

दुसऱ्या पत्रात गाडी उलट्या रुळावर गेलेली दिसते. (ते पत्र पौलाचंच का, यावर अभ्यासकांत वाद आहे, तो तूर्त बाजूला ठेवू.) प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय म्हणून लोक बावचळले होते. शिवाय मंडळीत काही जण कामधंदा न करता नुसती लुडबूड करत होते. त्यांना सरळ सुनावलंय, काम करायचं नसेल तर जेवायलाही बसू नका. प्रभूच्या येण्याइतक्या मोठ्या विषयाच्या जोडीला कुणी कुणाच्या जिवावर जेवायचं हे यावं, याचं मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

पण ज्या जागी मी अडकलोय ती नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात आहे. वेदीखाली, देवाच्या वचनासाठी मारले गेलेल्यांचे आत्मे आहेत. ते मोठ्याने ओरडतात, "हे स्वामी, किती काळ?" त्यांना पांढरा झगा मिळतो, आणि आणखी थोडा वेळ विसावा घ्या असं सांगितलं जातं. तारीख नाही. म्हणजे मरून देवाजवळ पोहोचलेलेही वाटच पाहताहेत, आणि 'किती काळ' असं विचारताहेत! त्यांना अल्पविश्वासी कोण म्हणेल?

तुमचं कसं चाललंय ते लिहा. उपदेश नको, अनुभव किंवा वचन काहीही चालेल.

मोगरी

+१. "आत काही हलत नाही" हे वाचून हायसं वाटलं. मला वाटायचं मी एकटीच.

तिरकस_रेघ

मी विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही, पण वाचन आहे. विचारलंच आहे तर स्पष्ट लिहितो.

मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, येशू म्हणतो की इथे उभे असलेल्यांपैकी काही जण देवाचं राज्य आलेलं पाहिल्याखेरीज मरणार नाहीत. मत्तय २४ मध्ये 'ही पिढी' नाहीशी होणार नाही म्हणतो. पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना 'आपण जे जिवंत राहू' असं स्वतःला धरून लिहितो. सरळ वाचलं तर ही मंडळी आपल्या हयातीतच सगळं घडेल असं धरून चालली होती. तसं घडलं नाही. मग पेत्राच्या दुसऱ्या पत्रात 'प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा' हे उत्तर येतं. याला मी पळवाट म्हणतो. राग नसावा.

कंदील

@तिरकस_रेघ, राग कसला. तुमचा प्रश्न त्याच पत्रात छापलेला आहे. "त्याच्या येण्याच्या वचनाचं काय झालं? वाडवडील गेले तरी सगळं जसंच्या तसं चाललंय", असं म्हणणारे थट्टेखोर तिथे हजर आहेत. जो पंथ स्वतःवरचा सर्वांत बोचरा आक्षेप आपल्याच शास्त्रात ठेवून देतो, त्याला तो प्रश्न सुचला नव्हता असं तरी म्हणता येणार नाही.

हजार वर्षांचं वाक्य गणितासाठी वापरणाऱ्यांचा मलाही वीट आलाय. पण पुढचं वाक्य वाचा. प्रभू उशीर करत नाही, कोणाचा नाश होऊ नये म्हणून धीर धरतोय, असं तिथे आहे. म्हणजे इथे धीर धरणारा पहिला तो आहे, आपण नंतर. हे उत्तर तुम्हाला पटो न पटो, त्यात पळ काढलेला नाही.

'ही पिढी'बद्दल मी सफाई देत बसणार नाही. कोणी यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाकडे, इ.स. ७० कडे, बोट दाखवतात, तर कोणी मार्क ९ चा संबंध लगेच पुढे येणाऱ्या रूपांतराशी, म्हणजे डोंगरावर येशूचं रूप तेजस्वी झालं त्या प्रसंगाशी, जोडतात. दोन्हींत दम आहे, आणि दोन्हींनी शंका पुरती मिटत नाही. मात्र त्याच मार्क १३ मध्ये तो दिवस पुत्रालाही, म्हणजे आपल्यालाही, ठाऊक नाही असं येशू म्हणतो. कुणी बनाव रचत असता तर हे वाक्य आधी खोडलं असतं.

आणखी एक जागा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा अगदी शेवटचा अध्याय. एका शिष्याला मरण येणारच नाही अशी बोलवा भावांत पसरली होती. लिहिणारा थांबून खुलासा करतो की येशू असं बोललाच नव्हता, 'मी येईपर्यंत तो राहावा अशी माझी इच्छा असली तर तुला काय' एवढंच म्हणाला होता. वदंता पसरली, मंडळी तिच्यावर विसंबली, आणि कुणीतरी ती बाजूला सारून मूळ शब्द पुन्हा पुढे ठेवला. वाट पाहणाऱ्यांच्या घरातलं हे नेहमीचंच काम आहे.

भरती_ओहोटी

बोलवांचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका.

आमच्या घरी एका गटाचं येणं-जाणं होतं. नाव घेत नाही. त्यांच्या उपदेशकाने वर्ष सांगितलं, मग महिनाही सांगितला. 'आता वेळच कुठे उरलाय' म्हणून माझ्या बहिणीचं पुढचं शिक्षण थांबवलं. तारीख गेली. उपदेशकाने हिशेबात चूक झाली म्हणून नवी तारीख दिली. बहिणीचं गेलेलं वर्ष कुणी परत दिलं नाही. मी बरीच वर्षं पुनरागमन हा शब्द ऐकला की उठून जायचो.

मग १८४४ बद्दल वाचलं. विल्यम मिलर हा अमेरिकेतला शेतकरी. जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकातले, आठव्या अध्यायातले, २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं असं धरून त्याने १८४३-४४ च्या सुमारास प्रभू येणार असा हिशेब मांडला. त्या मुदतीत काही झालं नाही. मग त्याच्या चळवळीतल्या दुसऱ्यांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही नेमकी तारीख काढली आणि त्यानेही ती शेवटी शेवटी मान्य केली. लोक रात्रभर जागले. हायरम एडसन नावाच्या त्यांच्यातल्याच एकाने नंतर लिहून ठेवलंय की आम्ही पहाट होईपर्यंत रडलो. इतिहासात त्या दिवसाचं नावच 'मोठी निराशा' असं पडलंय. काही जण सगळं सोडून गेले, काहींनी नव्याने अर्थ लावले, आणि त्यातूनच पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. मिलर १८४९ मध्ये वारला, तोवर आशा धरूनच होता.

त्या लोकांना हसायला सोपं आहे. मला हसू येत नाही. त्यांची आशा खोटी नव्हती, तिला तारीख लावली हा घात झाला. २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ उपदेशकाने २१ मे सांगितली, ती हुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात, काळ-समय जाणणं तुमच्याकडे नाही असं येशू सांगून जातो. इतकं स्पष्ट वाक्य इतक्या वेळा ओलांडलं गेलेलं दुसरं नसेल.

पायवाट

छान चर्चा. मार्टिन लूथर म्हणाला होता की उद्या जगाचा अंत आहे असं कळलं तरी आज मी सफरचंदाचं रोप लावीन. सगळं त्यात आलं.

कंदील

@पायवाट, वाक्य सुंदर आहे, पण लूथरच्या लिखाणात ते सापडत नाही. लिखित रूपात त्याचा सर्वांत जुना माग १९४४ च्या जर्मनीत लागतो. युद्ध हरत आलेलं, शहरांवर बाँब पडत होते. त्या दिवसांत कुणाला तरी या वाक्याची गरज पडली आणि त्याने ते लूथरच्या नावावर जमा केलं. मला तर खरी हकिगतच जास्त आवडते.

पायवाट

अरेच्चा! तरी रोप लावायला हरकत नाही ना?

रात्रपाळी

इथे पहिल्यांदाच लिहितेय. वचनांचा अभ्यास फार नाही.

आई अंथरुणाला खिळून आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. गजर लावून झोपते. रात्री तीनला उठते, तिचा एक हात माझ्या खांद्यावर घेते, चादर ओढून वळवते, पाठीला पावडर लावते. ती कधी कधी विचारते, "आज आला नाही ना गं?" आधी मला वाटायचं डॉक्टरांबद्दल विचारते. ती प्रभूबद्दल विचारत असते. मी म्हणते, नाही आला. ती म्हणते बरं, आणि डोळे मिटते.

तिला तक्रार नाही. मला आहे. येशूने 'जागे राहा' म्हटलंय म्हणे. मी जागीच असते, पण त्या वेळी मनात प्रभू वगैरे काही नसतो. नुसती झोप असते. याला वाट पाहणं म्हणतात का, एवढंच विचारायचं होतं.

कंदील

@रात्रपाळी, तुमचा प्रश्न वाचून मार्क १३ आणि १४ पुन्हा काढून बसलो. एरवी हे दोन अध्याय आपण वेगवेगळे वाचतो, सलग वाचून पाहा.

तेराव्याच्या शेवटी येशू सांगतो की घरधनी कधी येईल ठाऊक नाही, संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, तेव्हा जागे राहा. चौदाव्यात ती रात्र लगेच येते. संध्याकाळी भोजन, मग गेथशेमाने बाग, मग कोंबडा आरवतो तेव्हा शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून मोकळा होतो, आणि पंधराव्याच्या पहिल्याच ओळीत, पहाट होताच, येशूला रोमी सुभेदार पिलाताच्या हवाली करतात. चारही प्रहर हजर! आणि बागेत ज्या तिघा शिष्यांना 'जागे राहा' म्हटलं ते तीनदा झोपलेले सापडतात. मार्क लिहितो की त्यांचे डोळे फार जड झाले होते. काय बोलावं ते त्यांना सुचेना.

मग येशू काय म्हणतो? "उठा, आपण जाऊ." 'तुम्ही राहा इथेच' म्हणत नाही. आणि सोळाव्या अध्यायात कबरेपाशी निरोप मिळतो तो असा की त्याच्या शिष्यांना, आणि पेत्राला, सांगा की तो तुमच्यापुढे गालीलात जातो आहे. पेत्राचं नाव मुद्दाम वेगळं घेतलंय.

दहा कुमारींच्या दृष्टांतातही वराला उशीर झाल्यावर दहाही जणी पेंगल्या. शहाण्याही झोपल्या. फरक दिव्याच्या तेलाचा होता, जागरणाचा नव्हता. तेल म्हणजे काय यावर मी ढीगभर प्रवचनं ऐकलीत आणि एकही धड आठवत नाही. पण दर दोन तासांनी उठणाऱ्या बाईकडे ते नाही असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

मोगरी

@रात्रपाळी, स्तोत्र १३० बघा. माझा जीव प्रभूची वाट पाहतो, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांहून जास्त. ते वाक्य तिथे दोनदा येतं. रात्री तीनला जागं असणाऱ्यानेच ते लिहिलं असणार. आणि दिवसा कुणाला तरी दोन तास बसवा हो आईजवळ. मंडळीतल्या बायकांना सांगा, लाजू नका. थेस्सलनीकाकरांना 'एकमेकांचं सांत्वन करा' म्हटलंय त्यात हेही धरायचं.

रात्रपाळी

सांगते. आभार.

उत्तरायण

उशिरा आलो. दोन गोष्टी जोडतो.

ऑस्कर कुलमान नावाच्या धर्मशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर एक दाखला दिला, तो पुढे फार गाजला. युद्धाचा निकाल लावणारी लढाई आधीच होऊन जाते, तरी विजयाचा दिवस उगवेपर्यंत युद्ध चालूच राहतं. वधस्तंभ आणि पुनरुत्थान ही ती निर्णायक लढाई, पुनरागमन हा विजयदिन, आणि आपण मधल्या काळात. प्रवचनांत हे हमखास नॉर्मंडीच्या तारखांनी सांगतात. ६ जून १९४४ ला सैन्य उतरलं, ८ मे १९४५ ला युरोपातलं युद्ध संपलं.

मला हा दाखला पटायचा. पण तो ऐकवणारे त्या अकरा महिन्यांवरून फार झरझर जातात. दीट्रिख बोनहॉफर हा जर्मन पाळक एप्रिल १९४३ मध्ये पकडला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने बर्लिनच्या टेगल तुरुंगातून मित्राला लिहिलं की कोठडीतलं जगणं नाताळाआधीच्या आगमनकाळासारखं आहे. माणूस वाट पाहतो, आशा धरतो, हे ते किरकोळ काहीतरी करत राहतो, पण दार बंद आहे आणि ते बाहेरूनच उघडता येतं. त्याला ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिलं. विजयदिनाला महिनाही उरला नव्हता.

'निकाल लागलेला आहे' हे त्याच्या बाबतीतही खरंच होतं. त्या निकालाने त्याचा गळा वाचला नाही. म्हणून मधल्या काळातल्यांना निकाल ऐकवताना आवाज जरा खाली ठेवावा, एवढंच मला म्हणायचंय.

तिरकस_रेघ

धागा अपेक्षेपेक्षा बरा चाललाय. मार्कचे दोन अध्याय सलग वाचले, मांडणी जबरदस्त आहे, साहित्य म्हणून तरी.

पण माझा मूळ मुद्दा राहतोच. तुम्ही सगळे शेवटी सांगताय काय? काम करा, आजाऱ्याची कूस बदला, तारखा सांगणाऱ्यांपासून लांब राहा, एकमेकांना धरून राहा. हे सगळं मीही करतो, कुणाची वाट न पाहता. मग तो येणार आहे यामुळे नेमका फरक काय पडतो? उद्या कळलं की कुणीच येणार नाही, तर रात्रपाळी ताई गजर लावायचं थांबवणार आहेत का?

रात्रपाळी

नाही थांबवणार.

शेवटचा_बाक

@तिरकस_रेघ, दोन दिवस याच प्रश्नावर घुटमळलो. तुमचं निम्मं मान्य. जिवंत माणसासाठी जे करायचं ते आशेशिवायही करता येतं, आणि पुष्कळ जण आमच्यापेक्षा चांगलं करतात.

फरक पडतो तो मेलेल्यांच्या बाबतीत. वेदीखालच्या त्या आत्म्यांकडे परत येतो. ते काय मागतात? आमच्या रक्ताचा न्याय. त्यांच्यासाठी तुम्ही-मी आता काय करू शकतो? स्मारक बांधू, मारणाऱ्याला सापडला तर शिक्षा देऊ, पुन्हा असं होऊ नये म्हणून कायदे करू. हे सगळं पुढच्यांच्या उपयोगाचं. जो मेला त्याला त्यातलं काहीही पोचत नाही. जगात आजवर जेवढी माणसं अन्यायाने मेली, त्यांच्यापर्यंत माणसाचं कुठलंही चांगुलपण मागे जाऊन पोचू शकत नाही. जग उद्या अगदी आदर्श झालं तरी ते त्यांच्या हाडांवर उभं असेल.

त्याचं येणं ते यासाठी. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल असं आम्ही दर आठवड्याला म्हणतो, त्यातलं 'मेलेल्यांचा' हे मी आजवर धमकी म्हणून ऐकत होतो. आता वाटतं, ज्यांची बाजू कुणी ऐकलीच नाही त्यांच्या कानांना ते वेगळं ऐकू येत असेल. लूकच्या अठराव्या अध्यायातली ती विधवा न्यायाधीशाचं दार रोज ठोठावते, तिला दुसरं काही नको, फक्त न्याय हवाय. आणि त्या गोष्टीच्या शेवटी येशूच उलट विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का? त्याला उत्तर तिथे दिलेलं नाही.

माझा बोथटपणा यातून गेला असं नाही. पण कशाची वाट पाहतोय ते आता थोडं स्वच्छ दिसतं. मला उचलून न्यायला कुणी यावं याची घाई नाही. त्या आधी गेलेल्यांची आहे.

भरती_ओहोटी

हे आमच्या त्या उपदेशकाने एकदाही सांगितलं नाही. त्याच्या गोष्टीत सगळं आमच्या सुटकेबद्दल होतं.

तिरकस_रेघ

हा मुद्दा मला आवडला नाही, पण खोडताही येत नाही. तरी न्याय हवा असणं वेगळं आणि न्याय मिळणार असणं वेगळं. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही.

शेवटचा_बाक

नाहीच होत. या दोहोंना जोडायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, रिकामी कबर. ती खोटी असेल तर आम्ही सगळ्यांत कीव करण्याजोगे, हे पौलानेच करिंथकरांना लिहून ठेवलंय. त्यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो.

तिरकस_रेघ

काढतो. पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आधी पुरता वाचून घेतो, म्हणजे कंदील मला पुढचं वाक्य वाचायला सांगणार नाहीत.

कंदील

सांगणारच. चौदावा पण वाचून या.